तरवडाला पाणी घालू नये

चाळीच्या गच्चीवर काय काय साठतं बघा. फुटक्या बादल्या, पाय मोडलेल्या खुर्च्या, कोणाच्या तरी लग्नातलं उरलेलं मांडवाचं कापड. फेकायला कोणी तयार नाही आणि "माझं आहे" म्हणायलाही कोणी पुढे येत नाही. किस्स्यांचं तसंच आहे. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत गच्चीवरच्या एका निळ्या ड्रमाभोवती इतके साठलेत, की आता मीच झाडू घेऊन बसलोय. मी चौथी पास. हयात मीलमध्ये गेली. "हा काय झाडांबद्दल लिहिणार" म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. ड्रमाशी मी बसलो होतो, ते नव्हते!

ड्रमात तरवड आहे. माहीत नसेल तर सांगतो. देशावर जिथे लोक नुसते ढग बघून समाधान मानतात, तिथल्या माळावरचं हे झुडूप. कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं. चिंचेसारखी पानं, पिवळीधमक फुलं. गुरं तोंड लावत नाहीत. साल पूर्वी चामडं कमवायला जायची.

लावलं सर्जेरावने. तो माण तालुक्याचा, मी मालवणचा परब. एकाच खात्यात होतो, एकाच मशीनवर. त्याची पाळी संपली की माझी सुरू. एकमेकांना शिव्या घालत म्हातारे झालो.

*

सर्जाची बायको इंदूवहिनी नवरात्रात घट बसवते. त्यांच्याकडे घटावरच्या माळेत तरवडाची फुलं लागतात. गावचा चुलतभाऊ दरवर्षी एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायचा. मग त्या माळावरून मोठा रस्ता गेला. तरवड गेले, डबा बंद झाला.

सर्जा मला घेऊन दादरच्या फूलबाजारात गेला. अख्खा बाजार पिवळा, पण तरवडाचं नाव नाही! एका फूलवाल्याने शेवंती पुढे केली. "घ्या ना काका, पिवळंच तर आहे. देवीला काय कळतंय?"

सर्जा म्हणाला, "देवीचं ठाऊक न्हाई. हिला कळतंय."

वहिनीने झेंडूची माळ ओवली. पण मधोमध चार बोटं नुसता दोरा ठेवला. मला वाटलं फुलं कमी पडली. तसं बोलूनही दाखवलं, तोंडाला कुलूप कुठे आहे माझ्या!

वहिनी म्हणाली, "फुलं हायती, भावजी. ती तरवडाची जागा हाय."

नऊ दिवस नऊ माळा, आणि प्रत्येक माळेत ती जागा. पुढच्या वर्षीही तेच. सर्जा घटासमोर बसायचा आणि बघायचा तो त्या रिकाम्या दोऱ्याकडे. दुसऱ्या वर्षीचे घट उठले तसा तो गावाला गेला, कुठल्याशा बांधावरून वाळक्या शेंगा रुमालात बांधून घेऊन आला. मला म्हणाला, "परब्या, एक तरी माळ भरून दावनार हिला."

*

ड्रम अर्धा कापला, शेणखत घातलं, बी पेरलं. महिना गेला, काही नाही. दोन गेले, काही नाही. लोक गच्चीवर पापड वाळत घालायला यायचे आणि ड्रमात वाकून बघून जायचे, जसं कोणी मयताला हजेरी लावतं.

कांबळे आमच्या शेजारचा. बसवर कंडक्टर होता. बौद्ध माणूस, घट-बिट मानत नाही, पण सर्जाचा ड्रम चौथ्या मजल्यावर चढवला तो त्याच्याच खांद्यावरून. त्याची सून प्रज्ञा कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "काका, याच्या बीचं कवच कडक असतं. पाणी आतच जात नाही. सॅंडपेपरवर घासा, मग गरम पाण्यात भिजत घाला."

सर्जा चिडला. "माळावर कोण जातंय घासाय?"

"माळावर ऊन आहे, दगड आहेत, वर्षानुवर्षं पडून राहायला वेळ आहे," प्रज्ञा म्हणाली. "इथे तुम्ही आहात."

मग आम्ही तिघं गच्चीवर बसलो, एकेक बी चिमटीत धरून घासत. कांबळे म्हणाला, "आयुष्यभर मालकांनी आपल्याला घासलं. आज आपण कोणाला तरी घासतोय!"

आठवड्यात कोंब आले.

*

आता खरा वांदा सुरू झाला. ही चाळ निम्मी कोकणातली. आमच्याकडे दगडाला पाणी घातलं तर दगडालाही शेवाळाची दाढी येते. झाड दिसलं की पाणी घालायचं, हे आम्हाला आईच्या दुधातून मिळालेलं. सकाळी मी घालायचो. दुपारी कांबळे. तिसऱ्या मजल्यावरची बाई तुळशीला घालून उरलेलं आणायची. कोणी कोणाला सांगायचं नाही, जसं काही पुण्य वाटलं जाणार होतं!

पानं पिवळी पडली. सर्जाने रोप उपटलं, तर मूळ कुजून लिबलिबीत झालेलं. आमच्या नाकाखाली धरलं.

"बुडीवलंत की रं त्याला!"

मी म्हटलं, "अरे, तहानलेलं दिसत होतं."

"तुमच्या डोळ्यातच कोकण हाय. तुमाला समदंच तहानलेलं दिसतंय. त्याला पानी नगं असतंय, परब्या. त्याला सोडून द्याय लागतंय."

दुसऱ्यांदा पेरलं तेव्हा शेणखत काढून टाकलं. पाडलेल्या मीलच्या भिंतीचा विटांचा चुरा आणून भरला. ड्रमाला खाली भोकं पाडली. पावसाळ्यात वर पत्रा तिरका बांधला. अख्खी मुंबई भिजतेय आणि आमचा सर्जा पत्र्याखाली हात घालून माती कोरडी आहे ना बघतोय! आणि ड्रमावर तारेने पाटी बांधली, कांबळेच्या सुंदर अक्षरात: "पाणी घालू नये."

तिसऱ्या मजल्यावरची बाई दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन हजर. सर्जाने पाटीकडे बोट केलं.

ती म्हणाली, "वाचली मी. पण आज सोमवार आहे!"

*

तरवडाच्या देठापाशी एक गोल पान असतं, पानासारखं नाही, कानासारखं. प्रत्येक देठाला कान. मी म्हटलं, हे काय भलतंच? प्रज्ञाने सांगितलं, ही याची ओळखच आहे.

सर्जा म्हणाला, "ऐकतंय ते."

आणि गंमत म्हणून नाही, मनापासून म्हणाला. तेव्हापासून ड्रमाजवळ बसून कोणी शिवी द्यायची नाही, मीलचं रडगाणं गायचं नाही, कोणाच्या मुलाने कोणाला घराबाहेर काढलं ते सांगायचं नाही. राहिलं काय बोलायला? मी पहिल्याच दिवशी चुकलो. तर या दोघांनी माझी खुर्ची उचलून पाण्याच्या टाकीपलीकडे ठेवली.

संध्याकाळी त्याची पानं जोडीजोडीने मिटतात. मी तिकडून ओरडलो, "मिटलं रे, झोपलं! आता येऊ का?"

*

पहिली फुलं आली ती घट उठून गेल्यावर. मूठभर. वहिनी वर आली, फुलांना हात लावला, तोडलं एकही नाही. "वेळ चुकली त्याची," एवढंच म्हणाली आणि उतरली. सर्जा दोन दिवस गच्चीवर आला नाही.

आला तो नवी काळजी घेऊन. फुलं गळतायत, शेंग धरत नाही. शेंग नाही तर बी नाही, हे झाड गेलं की गोष्ट संपली. प्रज्ञाने एक फूल उलगडून दाखवलं. "याच्यात मध नसतो काका. नुसते पराग, तेही नळ्यांत कोंडलेले. नळीच्या टोकाला बारीक भोक. मोठा भुंगा येऊन फूल धरून थरथरला, तरच पराग बाहेर पडतात."

सर्जा म्हणाला, "म्हंजी हाटेलातली मिठाची डबी. हालवल्याबिगर पडत न्हाई."

"अगदी तशीच."

आता डिलाईल रोडवर चौथ्या मजल्यावर भुंगा कोण पाठवणार? पण आला! काळाकुट्ट, अंगठ्याएवढा. फुलाला लटकला आणि घर्रर्र आवाज केला, आमच्या मशीनला वीज लागताना व्हायचा तसा. ती मशीनं भंगारात जाऊन किती वर्षं झाली, तरी तो आवाज ऐकून माझे हात पुढे गेले.

भुंगा कुठून आला ते शोधलं, तर आमच्याच चाळीच्या लाकडी वाशातून. वाशाला बोटभर भोकं पाडून राहत होता. आणि चाळीचे सेक्रेटरी त्याच भोकांत रॉकेल ओतायला निघालेले! म्हणाले, "वासे पोखरले त्याने. चाळ पडली तर जबाबदार कोण?"

सर्जा वाटेत आडवा उभा राहिला. "चाळ तर बिल्डर पाडनारच हाय, सायेब. भुंग्यावर कशापायी नाव घालता?"

रॉकेल परत गेलं. शेंगा धरल्या.

*

यंदा उन्हाळ्यात सर्जाच्या किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिस. डॉक्टरनी पाणी बांधून दिलं. दिवसाला एक लहान बाटली, चहा आणि आमटीही त्याच हिशोबात. माणूस वाळत चालला. मी बघायला गेलो तो, कोकणातला माणूस आजाऱ्याला बघायला जातो तसा, दोन्ही हातांत शहाळी घेऊन.

वहिनी दारातच आडवी आली. "भावजी, मारायला आलाय काय त्यास्नी? नारळपानी तर ईखच हाय म्हनं त्या रोगाला!"

मला काय माहीत? शहाळं म्हणजे औषध, एवढंच आम्हाला ठाऊक. मी शहाळी मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिलो.

सर्जा खाटेवरून बघत होता. ओठ फुटलेले. म्हणाला, "परब्या, मलाबी बुडीवतोस व्हय?"

मी शहाळी स्टुलाखाली सरकवली.

"एक काम कर. गच्चीवरची ती पाटी घिऊन ये खाली. माझ्या खाटंला बांध."

वहिनी म्हणाली, "असलं काय अभद्र बोलताय!" पण त्याने हट्ट धरला. मी पाटी आणली. कांबळेने तारेने बांधली.

*

यंदा तरवडाने वेळ साधली. घटस्थापनेच्या आधीच झाड असं फुललं की पान दिसेना. वहिनी म्हणाली, मी फुलं खाली आणून दाखवते. सर्जा म्हणाला, "म्या वर जानार."

डॉक्टरनी जिना बंद केलेला. पण आम्ही घट बसायच्या सकाळी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवला आणि उचलला. कांबळे पुढे, चाळीतली दोन पोरं मागे, आणि मी शिव्या द्यायला. प्रत्येक जिन्यावर टेकत गेलो. सर्जाच्या मांडीवर त्याची बाटली होती, दिवसाचं पाणी. दोनच घोट कमी झालेले.

गच्चीवर ऊन भाजत होतं. खुर्ची ड्रमाशी टेकवली. भुंगा कामावर होता. वहिनीने ओचा भरून फुलं तोडली आणि तिथेच खाली बसून सुईत दोरा ओवला. झेंडू, तरवड, झेंडू, तरवड. मधोमध आल्यावर तिची बोटं सवयीने थांबली. दोरा चार बोटं पुढे सरकवला. मग परत मागे घेतला आणि तिथे तरवड ओवला. एकामागे एक, जागा भरेपर्यंत.

सर्जाने माळ बघितली. मग त्याने बाटलीचं झाकण काढलं. आम्हाला वाटलं, पितोय. त्याने हात लांब केला आणि बाटली ड्रमात उपडी धरली. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरली.

"अवो!" वहिनी ओरडली. "दिसाचं पानी हाय ते!"

मी म्हटलं, "सर्ज्या, पाणी घालू नये!"

पाटी तर खाली होती, त्याच्या खाटेला.

विटांचा चुरा भिजून काळा झाला, तो पुन्हा कोरडा लाल होईपर्यंत सर्जा बघत राहिला. मग रिकाम्या बाटलीला झाकण लावलं, नीट आवळून. आणि म्हणाला, "चला. उतरवा मला."