मिस्त्रीच्या पोराचं नाव

जेवणाची सुट्टी संपून प्रेस शॉपमधली मशीनं पुन्हा धडधडायला लागली की मिस्त्री शेडच्या एका टोकाला जाऊन उभा राहायचा, तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा करायचा आणि जोरात ओरडायचा, "आनंद!" आमच्या शेडमध्ये आनंद नावाचा कोणी नव्हता. तरी चार-दोन माना वळायच्या. मग तो मशीनांच्या मधून वाट काढत आमच्यापर्यंत यायचा.

"ऐकू आलं?"

"आलं."

"हसू आलं?"

"नाही बुवा."

"बरं. मग हे चालंल." आणि पान्हा उचलून आपल्या कामाला लागायचा. दोन दिवसांनी दुसरं नाव.

नव्याने लागलेल्या पोरांना वाटायचं, याचा एखादा स्क्रू ढिला आहे. तसं काही नव्हतं. मेंटेनन्सचा इतका शांत डोक्याचा फिटर चिंचवडच्या त्या कंपनीत दुसरा नव्हता. त्याची बायको बाळंतपणाला टेकली होती, आणि पोराला ठेवायचं नाव तो आधी कारखान्यात चालवून बघत होता. पोरगा मोठा झाला की कुठल्यातरी शेडमध्येच उभा राहणार, ही त्याची खात्री. तिथे नाव घ्यायला सुपरवायझर असतो, आणि सुपरवायझर म्हटला की ओरडणार.

मिस्त्रीचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला ते आवडलं नसतं. पण तुम्ही आपल्याकडची तसली नावं ऐकली असतील. पाठोपाठ मुलं दगावली की पुढच्याला जन्मल्याजन्मल्या उकिरड्यावर ठेवायचं, कोणीतरी उचलून आणायचं, आणि नाव असं ठेवायचं की यमालाही किळस यावी. दगडू, धोंडू ही त्यातली सभ्य. मिस्त्रीचं त्याहून एक पायरी खालचं होतं. कंपनीत लागला त्या दिवशी टाइमकीपरने ते फाटकावर मोठ्याने वाचलं आणि रांगेतले सगळे खो खो हसले. मीही त्या रांगेत होतो. त्यानंतर तो भेटेल त्याला सांगत गेला, "मला मिस्त्री म्हणा." हळूहळू सगळे म्हणायला लागले.

सुपरवायझर मात्र ऐकेना. ओव्हरटाइमची नावं पुकारताना त्याचं नाव आलं की तो मुद्दाम आवाज चढवायचा. त्यावर मिस्त्रीने तोड काढली. नावं पुकारायची वेळ झाली की हा आधीच जाऊन सुपरवायझरच्या अगदी खांद्याजवळ उभा राहायचा. माणूस हातभर अंतरावर असला की ओरडायला लाज वाटते. मला हे कळायला बरेच दिवस लागले, आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

आम्ही एकाच चाळीत राहायचो, चिंचवड स्टेशनच्या अलीकडे. शिफ्टला जाताना दोघांच्या सायकली बरोबर निघायच्या. त्यामुळे त्याच्या घरातलं मला सगळं ठाऊक होतं. त्याची आधीची दोन मुलं गेली होती. पहिलं गावाकडे तापाने, दुसरं इथे जुलाबाने. म्हणून तिसऱ्या वेळी त्याची आई चाकणच्या पलीकडच्या गावाहून आधीच येऊन बसली होती. बारीक चणीची, कडक म्हातारी. पोरगा झाला तशी ती म्हणाली, "ह्याला उकिरडा दावा, आन् नाव ठिवा वंगाळ."

मिस्त्री म्हणाला, "आई, आपण दीक्षा घेतली. देव्हारा काढला घरातला. आता हे कशाला?"

"देव सोडलं मी. पोरं कशी सोडू?"

देव्हारा काढता येतो, पण भीती काही देव्हाऱ्यात राहत नाही. म्हातारीकडे वर एक बिनतोड मुद्दा होता, तो ती रोज सकाळी चहाबरोबर मांडायची. "तुझ्या आदीची माझी पोरं गेली. चांगली नावं व्हती त्यांची. तू ऱ्हायलास. कशानं ऱ्हायलास, सांग की."

मिस्त्री एकदा सायकलवरून जाताना मला म्हणाला, "भाऊ, तिच्याशी भांडायचं तरी कसं? तिचा पुरावा म्हणजे मीच आहे."

एक सांगायचं राहिलं. म्हातारी त्याला त्याच नावाने हाक मारायची, आणि तिच्या तोंडून ते नाव अजिबात वाईट लागायचं नाही. "जेवलास का रं," असं त्यापुढे जोडून म्हणायची तेव्हा तर नाहीच.

आता कुणाच्या घरात नावाचा प्रश्न अडकलाय म्हटल्यावर माणसं गप्प बसतात होय? तुमच्या-आमच्यात निम्मे लोक जन्माला येतात तेच दुसऱ्याच्या पोराला नाव सुचवायला. चाळीतल्या बँकवाल्यांनी पंचांग उघडून 'ह' अक्षर काढून दिलं, ते कोणी मागितलं नव्हतं. विहारातले आचार्य म्हणाले, "राहुल ठेवा, गौतम ठेवा, पण म्हातारीचं ऐकलंत तर मी घरात पाऊल टाकणार नाही." युनियनचे पुढारी म्हणाले, क्रांतिकुमार. मिस्त्रीने तेही इमानदारीने शेडच्या टोकाला जाऊन ओरडून पाहिलं. 'क्रांति' एका मशीनखाली दडपलं, 'कुमार' तेवढं आमच्यापर्यंत आलं, आणि सगळं शेड हसलं. मी स्वतः विश्वासराव सुचवलं होतं. "ऐकू येतं," मिस्त्री म्हणाला, "पण हाक मारणाऱ्याला धाप लागते."

कोणालाच तो नाही म्हणत नसे. "बघू, घालून बघू मशीनवर," एवढंच. पण खरी गोष्ट अशी, की तो घाबरला होता. चांगलं नाव ठेवलं आणि पोराला काही झालं, तर आई काही बोलणार नाही, नुसती बघेल. ते बघणं त्याला झेपणार नव्हतं. वाईट नाव ठेवलं तर पोरगा जगेल, पण आपल्यासारखा. म्हणून बारसं पुढे ढकललं, मग आणखी पुढे. पोरगा रांगायच्या बेताला आला तरी नुसता बाळच होता. बायका नळावर म्हणायला लागल्या, "बिननावाचं पोर ठेवू नये."

आणि पावसाळ्याच्या तोंडावर बाळाला जुलाब सुरू झाले.

सकाळी थोडे होते, दुपारपर्यंत पोरगं मान टाकायला लागलं. टांगा करून दवाखान्यात नेलं. मिस्त्री, त्याची बायको, म्हातारी टांग्यात, मागे सायकलवर मी. बाळाचे डोळे आत गेले होते. रडायचं म्हणून तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. मिस्त्रीच्या बायकोने दुसरं मूल असंच जाताना पाहिलं होतं.

सिस्टर चांगली होती, पण गडबडीत होती. बाळाला टेबलावर घेता घेता तिने विचारलं, "नाव काय बाळाचं?"

मला वाटलं, आता हा आनंद म्हणेल, नाहीतर राहुल म्हणेल. इतकी नावं शेडमध्ये पारखून झाली होती. मिस्त्रीने तोंड उघडलं, मिटलं. मागे म्हातारी उभी होती. ती नुसती बघत होती. आणि मग मिस्त्रीने नाव सांगितलं. स्वतःचं.

"वडिलांचं नाही हो. बाळाचं विचारतेय."

"बाळाचंच."

"बरं. वडिलांचं?"

त्याने पुन्हा तेच सांगितलं.

सिस्टर हसली. तिचाही दोष नव्हता, तसलं नाव एकापुढे एक दोनदा ऐकलं तर कोणालाही हसू येईल. मी मिस्त्रीकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या नावावर कोणी हसलं की त्याची मान खाली जायची. त्या दिवशी गेली नाही. तो सरळ तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "हसा सिस्टर, खुशाल हसा. पण आधी सुई लावा."

तिने लावली. ती पुन्हा हसली नाही.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा मी काही विचारलं नव्हतं, तोच म्हणाला, "दुसऱ्या कुठल्या नावाची मला खात्री वाटंना राव. हे एकच नाव जगलेलं मला माहितीय."

मी जाऊन चहा घेऊन आलो. तो त्याने हातात धरून गार केला.

बाळ वाचलं. सलाईनने, डॉक्टरने, सिस्टरने, माझ्या मते तरी त्यांनीच वाचवलं. पण म्हातारीच्या मते कशाने वाचलं हे सांगायला नकोच. ती घरी आली ती लढाई जिंकून. दिवसभर नातवाला त्या नावाने हाका. अंगणात "अरं" म्हणून ते नाव घेतलं की कामावरून आलेला मिस्त्रीही दचकून बघायचा. त्याला विरोध करायला तोंड नव्हतं. नाव त्यानेच सांगितलं होतं.

गुंता सोडवला त्याच्या बायकोने. मी चहाला गेलो होतो, माझ्यासमोरच घडलं. फार कमी बोलणारी बाई. सासूला ती आत्या म्हणायची. तांदूळ निवडता निवडता, मानही वर न करता म्हणाली, "आत्या, ते नाव आपण दुखण्याला दिलं. दुखणं ते घेऊन गेलं. आता रोज त्याच नावानं हाका मारल्या, तर ते मागं वळून बघंल की."

म्हातारी चपापली. हा मुद्दा तिच्याच कोठारातला होता, त्याला ती नाही कशी म्हणणार? म्हणाली, "व्हय की. मग काय म्हनू त्याला?"

"मिलिंद."

मिस्त्रीने कप खाली ठेवला. "हे कुठनं काढलं?"

"मी म्हणतीच की रोज. पाजताना."

"पण सुचवलं कोणी?"

"कोणी न्हाई. मला आवडतं."

इतक्या महिन्यांत, इतक्या शहाण्या माणसांत, आवडतं हा शब्द पहिल्यांदाच कोणी उच्चारला होता. नक्षत्र, धर्म, चळवळ, यम, सुपरवायझर, सगळ्यांचा विचार झाला होता. आईला कोणी विचारलंच नव्हतं. मिस्त्री बायकोकडे असा बघत राहिला की मी उठून घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्याने शेडमध्ये पेढे वाटले आणि नाव सांगितलं. ओरडून काही बघितलं नाही.

मिलिंदला शाळेत घातलं त्या दिवशी मिस्त्री सेकंड शिफ्टला आला तो तोंड पाडूनच. मी विचारलं, प्रवेश मिळाला नाही का? "मिळाला," तो म्हणाला. "पण मास्तरांनी पूर्ण नाव विचारलं. पोराचं सांगितलं, पुढं बापाचं. मधे मीच बसलोय की राव!"

मला हसू आवरेना. कसलं हसू, डोळ्यांत पाणी आलं होतं. मशीनवर घालून नावं पारखणाऱ्या या माणसाला, पोराच्या नावाला आपलं नाव जन्मभर चिकटणार, एवढी साधी गोष्ट सुचलीच नव्हती. आणि आमच्यापैकी तरी कोणाला सुचली होती?

कोणीतरी त्याला सांगितलं, कायद्याने नाव बदलून मिळतं. त्याने चौकशीही केली. मग म्हणाला, "आईच्या देखत नको. तिनं जगवायला ठेवलंय." काही वर्षांनी म्हातारी गेली. दिवसकार्य उरकून तो कामावर आला तेव्हा मी तो विषय काढला. त्याने हातातला पान्हा पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या नावानं हाक मारणारं आता कोणी राहिलं न्हाई. असू दे तसंच."

मिस्त्री गेला तो अचानक. छातीत दुखतंय म्हणून सकाळी घरी थांबला आणि दुपारी संपला. अजून किती नोकरी बाकी होती. आमच्या शेडमध्ये त्या दिवशी एक मशीन बंद पडलं, आणि सवयीप्रमाणे चार जण एकदम "मिस्त्री" म्हणून ओरडले. नंतर कोणी कोणाकडे बघेना.

पंधरवड्याने मिलिंद त्याचं सामान न्यायला आला. मिसरूड फुटायच्या आतलं पोर, अंगावर शाळेचा पांढरा शर्ट. मी फाटकावर त्याला घ्यायला गेलो होतो. वॉचमन नवा होता. त्याने नाव विचारलं.

"मिलिंद."

"पूर्ण सांग."

मिलिंदने पूर्ण सांगितलं. वॉचमनच्या ओठांचे कोपरे हलले. शेजारी बिडी ओढत बसलेले दोघे उघडच हसले. मी पुढे होणार होतो, तेवढ्यात पोरगा वळला. चिडला नव्हता. त्याला वाटलं असावं, यांना नीट कळलं नाही. त्याने तेवढं मधलंच नाव पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, प्रत्येक अक्षर मोकळं सोडून.

"माझ्या वडिलांचं नाव आहे ते," तो म्हणाला. "त्यांची हत्यारं न्यायला आलोय."

बिडी ओढणारे दोघे उठून उभे राहिले. वॉचमनने फाटक पूर्ण उघडलं.