मुनीरची आत्या

मंडळी, मला भाऊ नाही. तरी आज दुपारी मी आत्या झाले!

इथे बर्लिनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर सलमा राहते, मूळची सीरियाची. तिला मुलगा झालाय. नवऱ्याच्या बहिणीला व्हिसा मिळाला नाही, म्हणून सलमा हिरमुसली होती. आमच्यात बाळाच्या कानात नाव आत्याच सांगते, असं मी सहज बोलून गेले. ती लगेच म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर! मग तूच सांग."

नाव ठरलं होतं, मुनीर. अरबीत अर्थ उजेड देणारा. 'नूर' ज्या धातूतून आला, त्याच धातूतून हे नाव. आणि आपला 'मनोरा'सुद्धा तिथूनच आलाय, हे मला आजच कळलं.

पुण्याहून आलेल्या सासूबाई सोबत होत्या. त्या काय म्हणतील, याची मला धाकधूक होती. मी बाळाच्या कानात "मुनीर, कुर्रर्र" म्हटलं आणि पाठीत सणसणीत धपाटा बसला.

"अहो आई!"

"मग? आत्याला धपाटे घातल्याशिवाय बारसं होतं होय?"

फोटो टाकल्यावर आपल्याच मराठी ग्रुपवर एकाने लिहिलं, "त्यांच्या पोराची तू कसली आत्या?"

फोटो मी काढून टाकणार नाही. मुनीरच्या पहिल्या वाढदिवसाचे कपडेही मीच घेणार आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी एवढंच सांगावं: नाव मी सांगितलं, धपाटा मी खाल्ला, मग आत्या दुसरं कोण?