भाडेकरू कुठे जाईल?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. ओट्याखाली पिशव्यांचा गठ्ठा कोणी ठरवून जमवतं का? तरी तो असतोच! आमच्या लॉ कॉलेजचं तसंच झालंय. दिघे, परबवहिनी आणि मी, तिघंही काळे कोट घालून आता म्हातारे झालो. पण वहिनींच्या विक्रोळीच्या खोलीत चहाला बसलो, की कोणीतरी त्या गठ्ठ्यात हात घालतंच.

कॉलेज म्हणजे काय, घाटकोपरला एका शाळेत सकाळी भरणारे तीन वर्ग. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सगळे नोकरीवाले. मी बँकेत, दिघे रेल्वेच्या ऑफिसात, वहिनी एका कारखान्यात कारकून. बाकं पाचवीच्या पोरांची. गुडघे छातीला लावून आम्ही राज्यघटना शिकलो!

*

नोटीस बोर्डही शाळेचा आणि आमचा एकच. एकदा त्यावर आमची सूचना लागली, 'देवनारच्या वस्तीत मोफत कायदा सल्ला शिबिर, रविवारी सकाळी.' तिच्या खालीच शाळेच्या सहलीची, 'येताना पुरीभाजी आणावी.' दिघेने दोन्ही एका दमात वाचल्या आणि रविवारी भला मोठा डबा घेऊन हजर!

आम्ही हसून हसून बेजार. पण दुपारपर्यंत आमच्या टेबलाकडे एक माणूस फिरकला नाही. पँटवाली माणसं कागद घेऊन आली की वस्ती तुटते, एवढंच त्या लोकांना माहीत.

शेवटी दिघेने डबा उघडला आणि शेजारी बसलेल्या म्हातारीपुढे धरला. तिने दोन पुऱ्या खाल्ल्या आणि खाली बघतच विचारलं, "मुलगा घराबाहेर काढतोय. काय करू रे बाबा?"

ती आमची पहिली केस. दिघे अजून म्हणतो, "नुसता सल्ला फुकट देऊन कोण येतंय? सोबत पुरीभाजी लागते!"

*

वाळिंबे सर आमचे प्रिन्सिपल. प्रत्येक संधी ते स्वतः वर्गात येऊन वाचून दाखवत आणि वाचून झालं की तिच्यावर पाणी ओतत. "स्पर्धा आहे. दिल्लीला आहे. थंडी फार असते. बघा जमलं तर."

एकदा परदेशातली स्कॉलरशिप वाचली. वय पंचविसाच्या आत. वर्गात पंचविसाच्या आतला एकही नव्हता. दिघे उठला. "सर, फॉर्म मुलासाठी नेला तर चालेल?"

"काय करतो तो?"

"बालवाडीत आहे."

सर हसले नाहीत. चष्म्यातून सगळ्या वर्गाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही मंडळी दहा वर्षं आधी का नाही आलात रे?"

*

परबवहिनी का आल्या, ते मात्र साऱ्या वर्गाला माहीत होतं. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली आणि घरमालकाने हीच विक्रोळीची खोली खाली करायचा दावा लावलेला. त्याला ती स्वतःच्या भाच्यासाठी हवी होती. खोली गेली तर चार माणसं रस्त्यावर.

"दर वेळी वकील सांगतो, तारीख पडली," वहिनी म्हणायच्या. "म्हटलं, ही तारीख पाडतो तरी कोण, ते आता आपणच जाऊन बघू!"

नाव घातलं आणि पुस्तकं उसनी आणली. कामावर जायच्या आधी लेक्चर, त्याच्या आधी घरचा स्वयंपाक. आम्ही दोघं झोपाळू डोळ्यांनी यायचो, तर वहिनी दारातच विचारायच्या, "काय भाऊजी, तोंड तरी धुतलंत का?"

*

मग मूट कोर्टची सूचना आली. मूट म्हणजे खटला खोटा, कोर्ट खोटं, घाम तेवढा खरा. न्यायाधीश म्हणून अंधेरीचे नामांकित तळपदे वकील येणार होते. जो उत्तम बोलेल त्याला त्यांच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून जागा! वाळिंबे सरांनी वाचून दाखवलं आणि या वेळी चक्क पाणी ओतलं नाही.

विषय होता घरमालक विरुद्ध भाडेकरू. बाजू कोणती, ते सरांच्या जेवणाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या ठरवायच्या. तशी पद्धतच होती. वहिनींना चिठ्ठी निघाली घरमालकाची.

"सर, बदलून द्या ना," वहिनी उठून म्हणाल्या. "ह्या बाजूने मी कशी बोलू?"

"बाई, उद्या कोर्टात आवडती बाजूच येईल असं कोणी सांगितलं?" सर म्हणाले आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. मला त्या दिवशी सरांचा भयंकर राग आला होता.

*

मूटच्या दिवशी वहिनी बोलल्या, काय बोलल्या! झकास! इंग्रजी महिनाभर घोटलेलं. तळपदे मन लावून ऐकत होते. मग त्यांनी नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर कोर्ट बघतं, जास्त हाल कोणाचे. मालकाचे की भाडेकरूचे?

"बाई, तुमच्या अशिलाला खोली मिळाली," तळपदे म्हणाले. "भाडेकरू कुठे जाईल?"

वहिनींनी हातातल्या कागदावर बघितलं. मग त्यांनी मान वर केली. "माय लॉर्ड, भाडेकरू कोकणातला आहे. गावी त्याचं स्वतःचं घर आहे. माझ्या अशिलाला तेही नाही."

टाळ्यांचा कडकडाट! बक्षीस वहिनींना आणि जागाही त्यांनाच. जिन्यात मी अभिनंदन केलं तर पदर तोंडाला लावून रडत होत्या. "आमचं गावचं घर कसलं हो भाऊजी, छप्पर कधीच बसलंय. पण बोलून गेले ना मी."

*

सोमवारी वहिनी नवी साडी नेसून तळपद्यांच्या ऑफिसात गेल्या. बाहेरच्या बाकावर कोण बसलेलं असावं? त्यांचाच घरमालक! जुना वकील सोडून त्याने नुकतेच तळपदे धरले होते.

"काय परबवहिनी, इकडे कुठे?" तो म्हणाला.

वहिनी तशाच आत गेल्या. "साहेब, मला जागा नको. बाहेर बसलेत त्यांच्याच खोलीत मी राहते."

तळपद्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बाई, आता आपण बोलणं बरोबर नाही. तुम्ही निघा."

दुसऱ्या दिवशी वर्गात वहिनींनी आम्हाला हे सांगितलं, तेव्हा दिघेसारखा दिघे, त्याचाही चेहरा उतरला. "वहिनी, वाट लागली," तो म्हणाला. "तुमच्या विरुद्धचा मुद्दा तुम्हीच तळपद्यांच्या हातात दिलात."

"माझ्या घराला मीच कुलूप लावून आले," वहिनी म्हणाल्या. घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं.

*

वांद्र्याच्या कोर्टात साक्षीला वहिनीच उभ्या राहिल्या. नवऱ्याने कोर्टाचं नाव काढलं की त्याचे हातपाय गळायचे. दिघे आणि मी रजा टाकून मागच्या बाकावर बसलो होतो. पुढे घरमालक, शेजारी भाचा.

तळपदे उलटतपासाला उठले. खोली किती वर्षं, माणसं किती, पगार किती. वहिनी नीट उत्तरं देत होत्या.

"शिक्षण?"

"लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे."

"गाव कुठलं तुमचं?"

"मालवणजवळ."

घरमालक सरसावून बसला. दिघेने माझं मनगट घट्ट धरलं.

"म्हणजे गावी तुमचं..." एवढं बोलून तळपदे थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "येस, मिस्टर तळपदे?"

"तुमच्या गावी," तळपदे म्हणाले, "यंदा आंबा कसा आहे?"

कोर्टात कोणी हसलं नाही. आमच्यासमोर कधी मालवणी न बोलणाऱ्या वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "बरो आसा, सायबानू."

"नो फर्दर क्वेश्चन्स," तळपदे म्हणाले आणि खाली बसले.