चिंचेनं घासलेलं पिस्तूल

खंडेनवमी आली की ते तळहाताएवढं पिस्तूल आजही डोळ्यांपुढे येतं आणि मला हसू फुटतं. त्या वेळी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

नवरात्राच्या आधी दशाश्वमेध घाटाजवळच्या बाजारात एका सराफाला दिवसाढवळ्या लुटलं होतं. लुटारूचं पिस्तूल छोटं आणि पांढरं चकचकीत होतं, एवढंच तो सांगू शकला. मी तेव्हा तिथला ठाणेदार, त्यामुळे वरून रोज विचारणा होत होती. दसरा उलटला आणि आमच्या खबऱ्याचा फोन आला. भांड्यांना मुलामा देण्याचं त्याचं दुकान होतं. "साहब, एक आदमी पूछ रहा था, पिस्तौल पर कौन-सा काला रंग टिकेगा. पसीने से छूटना नहीं चाहिए."

तासाभरात तो माणूस ठाण्यात आणि पिस्तूल माझ्या टेबलावर. दूधविनायक गल्लीतला मराठी गृहस्थ, साडीच्या व्यापाऱ्याकडे सुरक्षारक्षक. परवाना चोख, नंबरही जुळला. पण पिस्तुलावर फवाऱ्याच्या डब्यातला काळा रंग मारला होता. त्याचे पोपडे निघत होते आणि खालून पांढरं लोखंड दिसत होतं. माझे सहकारी खूश झाले. आधी लूट केली, मग हत्यार रंगवलं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

मी झाशीकडचा मराठी, म्हणून चौकशी मराठीतच केली.

"मूळचा काळा रंग कुठे गेला?"

"गेला, साहेब."

"कुणी घालवला?"

"मीच. माझी नोकरी गेली तरी चालेल, पण घरी कुणाला काही विचारू नका."

त्याच्या या बोलण्यानेच मला घराकडे बघायला लावलं.

नोकरीची सुरुवातीची वर्षं मी शस्त्रागारात काढली होती. पिस्तुलाची निळसर काळी झळाळी देखणी असते, पण घामाला आणि आंबटाला टिकत नाही. फॉस्फेटचा थर दिसायला ओबडधोबड, पण तेल धरून ठेवतो. भट्टीत भाजून बसवलेला काळा लेप सगळ्यांत चिवट. वापराने झिजलेलं पिस्तूल आधी कडांना पांढरं पडतं. हे मात्र रंगाखाली खाचाखोचांतही पांढरं होतं. भिंग लावलं, तर मुठीच्या स्क्रूत लाल कण अडकलेले. कुंकू!

मी तडक त्याच्या घरी गेलो. दार आईने उघडलं.

"नवमीला पिस्तुलाची पूजा केलीत?"

"केली की. गोळ्या काढून त्याने ते पाटावर ठेवलं आणि गंगेवर नहायला गेला. मला मेलं ते काळंकुट्ट बघवेना. देवाच्या उपकरण्यांबरोबर घेतलं चिंचेनं घासून. कसं एकदम साफ निघालं! हा आला आणि कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, आई, कुणाला बिलकुल सांगू नकोस." मग माझ्या गणवेशाचा अर्थ तिच्या लक्षात आला असावा. "साहेब, पकडायचं तर मला पकडा. त्याला सोडा."

परवान्याचं हत्यार दुसऱ्याच्या हाती गेलं हे उघड झालं, तर परवाना जाणार, नोकरी जाणार आणि आईला ठाण्यात यावं लागणार. म्हणून पठ्ठ्या लुटीचा आळ सोसत गप्प होता.

व्यापाऱ्याला काय विचारायचं ते आता कळलं: लुटीच्या सुमाराला याचं पिस्तूल कोणत्या रंगाचं होतं? तो म्हणाला, "लूट के दूसरे दिन हम डर गए थे. खुद निकलवाकर देखी थी. एकदम काली थी, साहब."

माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. एका निरपराध माणसाला मी आत टाकणार होतो! पुढे खरा लुटारू त्याच्या पांढऱ्या पिस्तुलासकट सापडला. आमच्या गृहस्थाला मी खडसावलं, हत्यार कुलपात ठेवायला बजावलं आणि परवानाधारक कारागिराकडून भाजलेला लेप करून घ्यायला लावला. तेव्हापासून कुणी चौकशीत गप्प बसला, की तो कुणाला पाठीशी घालतोय हे मी आधी बघू लागलो.

पुढच्या नवमीला त्यांनी मला पूजेला बोलावलं. ड्यूटीवरूनच गेलो. पाटावर पिस्तूल काळंभोर दिसत होतं. आईने लांबूनच फूल वाहिलं आणि हात मागे घेतले.

"आता नाही हो हात लावत," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्या कमरेकडे गेली. "तुमच्या पट्ट्याचं बक्कल मात्र फार काळवंडलंय. द्या इकडे, चिंच भिजलेलीच आहे."

मी मुकाट्याने पट्टा काढून दिला.