त्याचा डावा कान

हायस्कूलमध्ये असताना विद्या आमच्या तळहातावर उठत असे. गुरुजी निरगुडीची फोक पाण्यात भिजवून ठेवीत; ओली फोक अधिक लागते. पुस्तकातला एक शब्द उत्तरातून गळाला की एक छडी. घरी वडील त्याच कामासाठी बैलाचा कासरा वापरीत. या दोघांच्या मारातून मी घोकायला शिकलो आणि शाळेत पहिला आलो. पुढे मी जे केले त्याची सबब म्हणून हे सांगत नाही. माझा हात मारणे कुठे शिकला, एवढेच नोंदवतो.

नगरच्या कॉलेजात प्री-डिग्री सायन्सला आलो ते दुष्काळाचे साल होते. शाळेत सारे मराठीत शिकलेलो, इथे सारे इंग्रजीत. पहिले काही आठवडे मला प्राध्यापकांचे फक्त ओठ हलताना दिसत. वसतिगृहात माझ्या खोलीत पाथर्डीकडचा एक मुलगा होता. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात, म्हणून तो लहानपणापासून मिशनच्या बोर्डिंगात वाढलेला. तिथे रोज इंग्रजी ऐकून ऐकून ती भाषा त्याच्या कानात मुरली होती. तो वही न उघडता तास ऐके आणि संध्याकाळी मला समजावून सांगे. मी राहुरीकडच्या बागायतदाराचा मुलगा. ऊस तोडणाऱ्याच्या मुलाकडून शिकावे लागते, हे मला आत कुठेतरी टोचत असे. म्हणून मी त्याचे ऐकून घेई आणि तो बाहेर गेला की पुस्तकाची पाने पाठ करी.

एका संध्याकाळी मी त्याला विचारले की वायुदाबमापकाच्या नळीत पारा का घालतात, पाणी का नाही.

“तुमच्या हिरीचं पानी खाली गेलं तवा इंजिन वर ठिवून चाललं का?” त्याने उलट विचारले.

“नाही. आत कपारीवर उतरवावं लागलं.”

“का?”

“वरून ओढत नाही म्हणून.”

“इंजिन वढत नसतंच लेका. भवतालची हवा हिरीतल्या पान्याला दाबती, तिच्या जोरावर पानी पायपात चढतं. तीसेक फुटांच्या वर तिचा जोर पुरत न्हाई. पारा पान्याहून लई जड, म्हनून तो अडीच फुटांतच थांबतो. पानी घातलंस तर नळी ह्या कौलांच्या वर जाईल.”

ते इंजिन मी स्वतः वडिलांबरोबर दोर धरून विहिरीत उतरवले होते. दोर हातभर निसटला, तेव्हा वडिलांनी तिथेच माझे तोंड फोडले होते. पण इंजिन खाली का उतरवतात, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

सहामाहीत नेमका तोच प्रश्न आला. मला विहीर आठवली. पण विहिरीचे इंग्रजी माझ्याजवळ नव्हते. पुस्तकाचे पान मात्र तोंडपाठ होते. ते मी शब्दन् शब्द उतरवले. प्राध्यापकांनी माझा पेपर वर्गात आणला.

“उभे राहा. ‘आकृती तेवीस पाहा’ असं लिहिलंत. आकृती तेवीस कुठे आहे?”

“पुस्तकात आहे, सर.”

वर्गात हशा फुटला.

“आणि हे? ‘मागील पृष्ठावर सांगितल्याप्रमाणे.’ मागील पृष्ठावर तर तुमचा बैठक क्रमांक आहे!”

शंभर मुलांच्या त्या हसण्यात मला एकच हसणे ऐकू आले. माझ्या शेजारचे.

दुपारी खोलीत आलो तरी त्याचे हसू आवरत नव्हते. “आरं, चित्राचा नंबर बी घोकला व्हय? छापखान्याचं नाव तेवढं ऱ्हायलं बघ!”

मी त्याच्या डाव्या कानाखाली मारली. तो कॉटवर पडला. मी केस धरून त्याचे डोके भिंतीवर आपटले, पोटात गुडघा घातला. माझ्या तोंडून वडिलांच्या शिव्या वडिलांच्याच आवाजात निघत होत्या. त्याने माझ्यावर हात उगारला नाही; फक्त कान झाकून घेतला. मी तो हात ओढून बाजूला केला आणि त्याच कानावर पुन्हा मारले. पहिला फटका रागाचा होता. दुसरा मारताना मला बरे वाटले. इतक्या वर्षांनीही हे वाक्य लिहिताना हात अडतो. पण ते खरे आहे. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली, तेव्हा मी थांबलो.

हात उचलणाऱ्याला त्याच दिवशी ट्रंकेसह घरी पाठवायचे, असा वसतिगृहाचा नियम होता. रेक्टरांनी त्याला माझ्यासमोरच विचारले.

“कोणी मारलं?”

“कुनी न्हाई सर. हौदावर पाय घसरला.”

खोलीत परतल्यावर तो म्हणाला, “तुला घरी धाडलं असतं तर तुझ्या बापानं तुला जित्ता ठिवला असता का?” आणि थोड्या वेळाने, “आता माझ्या उजव्या अंगाला बसत जा. इकडनं काय ऐकू येईना.”

मी उजव्या बाजूला बसू लागलो. तो पूर्वीसारखाच शिकवत राहिला. मी क्षमा मागितली नाही.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. खिडकीखाली रस्त्यावर ट्रक घरघरत होते. माझ्याआधी त्याचा नंबर होता. परीक्षकांचा आवाज हलका, आणि त्यांची खुर्ची त्याच्या डाव्या हाताला. पुढचा नंबर माझा, म्हणून मी मागेच उभा होतो. प्रश्न ऐकण्यासाठी त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला.

“तिकडे भिंतीवर लिहिलंय का उत्तर?”

“सर, जरा मोठ्यानं…”

“मोठ्यानं विचारलं म्हणजे येतं का उत्तर?”

प्रश्न तीनदा झाला. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला त्या कानाने ऐकू येत नाही, एवढेच मला सांगायचे होते. पण मग कशाने, हेही कोणी विचारले असते. मी समोरच्या तराजूच्या काट्याकडे पाहत राहिलो. परीक्षकांनी त्याच्या नावापुढे रेघ ओढली. त्या प्रात्यक्षिकात तो नापास झाला. जूनमध्ये त्याची कॉट दुसऱ्याला मिळाली. तो आईवडिलांबरोबर कारखान्यांच्या फडांवर जातो, असे पुढे कानावर आले. मी शोध घेतला नाही.

त्या दिवशी त्याच्यामागून लगेच माझा नंबर आला. परीक्षकांनी तोच प्रश्न मला विचारला: पारा का, पाणी का नाही? मी मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली, मग मराठीत विहीर सांगितली, कपारीवर उतरवलेले इंजिन सांगितले, तीस फूट आणि अडीच फूट सांगितले. परीक्षकांनी पेन खाली ठेवले.

“शाबास. हे कोणत्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात नाही, सर. आमची विहीर आहे.”

तो अजून दारातच होता. त्याचा उजवा कान आमच्याकडे होता.