ओसरीच्या पत्र्याचा रंग

१० एप्रिल १९८३, रविवार. मी दुधाचे कॅन राखेनं घासून अंगणात पालथे घालत होते. हे काम रोजचंच, पण त्या दिवशी हात जरा जास्त जोरात चालत होता. आदल्या दिवशी एक कॅन नासला होता, आणि त्या आठवड्यातला तो दुसरा होता.

गावच्या दूध संस्थेचं संकलन केंद्र तेव्हा आमच्या ओसरीत होतं. सकाळी लोक दूध घालून जायचे. मी ते मापून कॅनमध्ये ओतायची आणि टेम्पो येईपर्यंत सांभाळायची. टेम्पो कधी नवाला यायचा, कधी उन्हं पार डोक्यावर आल्यावर.

हे काम मला मिळालं तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली होती. बौद्धवाड्यात जाऊन दूध घालायचं का, अशी. पण रस्त्याला लागून घर आमचंच होतं, टेम्पो दारापर्यंत येत होता आणि माझं माप चोख होतं. हळूहळू सगळे आले. आता दूध नासायला लागल्यावर न येण्याला कारण सापडलं होतं. संस्थेचे चेअरमन आदल्या संध्याकाळी उंबऱ्याशी उभे राहून सांगून गेले, "बाई, तुमच्यावर माझा राग न्हाय. पर आणखी एकदा दूध नासलं तर केंद्र देवळापाशी न्यावं लागंल."

देवळापाशी गेलं म्हणजे माझ्या हातून गेलं. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

दूध का नासतंय हे मला कोणी सांगायला नको होतं. मागच्या पावसाळ्यात ओसरीचं मातीचं माळवद गळायला लागलं म्हणून उतरवलं आणि जुन्या बाजारातले तांबारलेले पत्रे टाकले. माळवदाखाली ऐन उन्हाळ्यात गार असायचं. पत्र्याखाली सकाळीच भट्टी पेटायची.

रंग तर द्यायचाच होता. मालक तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. सुट्टीला घरी येताना त्यांनी निळ्या रंगाचा डबा आणून ठेवला होता. जयंती चार दिवसांवर आली होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबून आपलं घर दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मला पत्रा पांढरा हवा होता.

हे काही मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो तेव्हा मुकादमाच्या काळ्या ताडपत्रीखाली उकाड्यानं एकही बाई बसायची नाही. आम्ही चार काठ्यांना जुनं पांढरं धोतर बांधून लेकरं त्याखाली निजवायचो. मी मालकांना हे सांगितलं आणि भिंतीसाठी भिजवलेला चुनाच पत्र्याला देणार म्हटलं.

सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "कावळ्यांनी घर रंगवल्यावानी दिसंल," त्या म्हणाल्या. मालकांना बरं वाटलं. चुना पहिल्या पावसात धुऊन जाईल, अशी त्यांनीही पुस्ती जोडली.

"जाऊ द्या की," मी म्हणाले. "पावसाळ्यात कुठं दूध नासतंय?"

मालक उठले आणि शिडी धरून उभे राहिले.

कॅन ठेवायच्या बाजूचे अर्धे पत्रे मी कुंच्याला काठी बांधून रंगवले. घाईत चुना जाड कालवला होता. तासाभरात त्याचे पोपडे सुटून अंगणात पडायला लागले. आमच्याकडं भिंतीला चुना देतात तो शेणामातीवर. पत्र्यावर कोणी देत नाही, त्यामुळं तो धरत नाही हे माहीत असायचं कारण नव्हतं. सासूबाई एक पोपडा उचलून बघत बसल्या. मी टोमण्याची वाट पाहत होते.

"डिंक न्हाय घातला व्हय?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच आत जाऊन बाळंतिणीसाठी जपून ठेवलेला बाभळीचा डिंक घेऊन आल्या. मी तो कोमट पाण्यात विरघळवून चुन्यात घातला, चुना ताकासारखा पातळ केला आणि पोपडे खरवडून पुन्हा हात दिला. या वेळी बसला.

दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाई नेहमीच्या खांबाला टेकून ज्वारी निवडायला बसल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर सूप पलीकडच्या खांबापाशी, पांढऱ्या पत्र्याखाली गेलं होतं. त्यांच्या मागून शेळीही गेली होती. मालकांनी निळा डबा उघडला आणि दाराची चौकट, खिडकी आणि ओसरीचे खांब रंगवून काढले. लांबून घर दिसायला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच दूध आलं. टेम्पो उशिरा आला, बराच उशिरा. मी मधेच पळीभर दूध चुलीवर उकळून पाहिलं होतं, फाटलं नव्हतं. तरी ड्रायव्हरनं झाकण काढून वास घेतला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत उभी होते. त्यानं झाकण दाबून बसवलं आणि कॅन उचलून टेम्पोत ठेवला. टेम्पो वळला तशी मी पदर खोचला, उरलेला डिंक भिजत घातला आणि शिडी पलीकडच्या अर्ध्या पत्र्याला लावली.