डुकराच्या आडून

माझ्या मेव्हण्याने माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीला, फसवलं. पैशात नाही, जमिनीत नाही. त्यात फसवलं असतं तर मी त्याला बघून घेतलं असतं, तो माझा रोजचा धंदा आहे. त्याने तिला किडनी देतो म्हणून सांगितलं आणि अमेरिकेतल्या डुकराच्या आडून दिली नाही.

मी श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचा, जनावरांचा व्यापारी. सुरुवातीला दुसऱ्याच्या शेळ्या हाकत बाजाराला जायचो. आता लोणीच्या नाहीतर घोडेगावच्या बाजारात माझी गाडी उभी राहिली की पाचसहा जण तरी आपली गाय दुसऱ्या बाजूला वळवून बांधतात, कारण मी आधी खोड बघतो आणि मग तोंडावर बोलतो. माझं तोंड वाईट आहे अशी ख्याती आहे. पण शब्दाला मी पक्का आहे. आमच्यात काही जुनी माणसं अजून रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. तिथे कागद नसतो, साक्षीदार नसतो. बोट दाबलं की दाबलं. नंतर गायीने दूध चोरलं तरी रडायचं नाही.

बायकोच्या दोन्ही किडन्या ब्लडप्रेशरने गेल्या. पाय सुजायचे तेव्हा ती म्हणायची, उभ्याने भाकरी थापून सुजतात. कळेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून श्रीरामपूरला डायलिसिस सुरू आहे. मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून तिच्या डाव्या हाताची शीर धमनीला जोडून फुगवलेली आहे. वर तळवा ठेवला की विहिरीवरच्या मोटारीसारखी थरथर लागते. त्या हातात ती बांगड्या घालत नाही.

मला साखर, म्हणून डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला काढलं. मुलीला अंगावर पिणारं बाळ. तिने विषय काढला तर ही म्हणाली, "तुझ्या पोटाला हात लावू देणार न्हाई मी. पुन्हा बोलायचं न्हाई."

राहिला हिचा धाकटा भाऊ. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला, राहात्याला बी-बियाणांचं दुकान. गोड बोलणारा माणूस. भाऊबीजेला घरी आला, पाटावर बसला, हिने ओवाळलं. तो खिशात हात घालेना. मी म्हटलं, "काय पाहुणं, पाकीट दुकानात ऱ्हायलं का?"

तो म्हणाला, "आक्का, यंदा ताटात नोट न्हाई. माझी एक किडनी तुझी. हीच ओवाळणी."

हिच्या हातातलं ताट कललं आणि निरांजनातलं तूप त्याच्या मांडीवर सांडलं. तो ओरडला, "आगं, किडनी घे, पॅन्ट तरी सोड!" आम्ही सगळे हसलो. हसता हसता ही रडायला लागली. मी, जो माणूस गिऱ्हाइकासमोर कधी डोळा ओला करत नाही, उठून गोठ्यात गेलो.

रक्तगट जुळला. डायलिसिसच्या डॉक्टरीणबाई समंजस. त्यांनी विचारलं, "काका, मेलेल्या माणसाची किडनी मिळते, त्या यादीत नाव घालून ठेवायचं का? नंबर लागायला वेळ लागतो. घरचा दाता पक्का आहे ना?"

मी म्हटलं, "बाई, भाऊबीजेच्या ताटात टाकलीय. याच्याहून पक्कं काय असतं?"

नाव घातलं नाही. आमच्याकडे ताटात पडलेलं कुणी उचलून घेत नाही. मी हे नियमासारखं धरून चाललो.

पुढच्या तपासण्यांना मेव्हणा येईना. आधी गव्हाच्या बियाणाची गर्दी, मग सोयाबीनच्या बियाणाची, मग कांद्याच्या. दुकानदाराला हंगाम असतो हे मला कळतं. पण सगळेच महिने हंगामाचे कसे?

मग एके दिवशी तो मोबाईल घेऊन घरी आला. हिच्या शेजारी बसला आणि व्हिडिओ लावला. दवाखान्यापेक्षा स्वच्छ अशा खोलीत गुलाबी डुकरं फिरत होती. त्याने समजावलं, "आक्का, या डुकराच्या बीजातच बदल केल्यात. आपल्या बीटी कपाशीवानी. याची किडनी मानसाच्या अंगाला परकी वाटत न्हाई. अमेरिकेत मानसांना बसवली. आता आपल्याकडंबी येती बघ. मग कशाला मानसाचं पोट फाडायचं?"

ही कितीतरी वेळ त्या डुकराकडे बघत राहिली. म्हणाली, "आन् त्याला ठावं हाय का, त्याला कशासाठी पाळलंय?"

"आक्का, डुक्कर हाय ते!"

"म्हनून तर इचारलं. मानसाला तरी इचारत्यात."

मला त्या वेळी डुकराचं काही वाटलं नाही. मला ऐकू आलं ते एवढंच: मग कशाला मानसाचं पोट फाडायचं. बाजारात 'पुढल्या बाजारी नक्की घेतो' म्हणणारा माणूस पुढल्या बाजारी दुसऱ्याच्या दावणीला दिसतो. मी असल्यांना चेहऱ्यावरून ओळखतो.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. मला वाटलं होतं, त्या हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे काका. डुकराच्या पेशीवर काही खुणा असतात, त्या बघून आपलं शरीर तिच्यावर तुटून पडतं. त्या खुणा काढतात आणि माणसाची काही जनुकं घालतात. तिकडे मोजक्या लोकांना बसवली आहे. काहींची काही महिन्यांत काढावी लागली. पण काम पुढे चाललंय. आपल्याकडे कधी, ते मी सांगू शकत नाही. त्याच्या भरवशावर हातातला दाता सोडू नका."

"मग त्याला धरून आणतो."

"धरून आणलेला दाता चालत नाही. त्याने स्वतःहून आलं पाहिजे. समितीसमोर त्याला विचारतात, कुणाचा दबाव आहे का."

मी घरी आलो आणि हिला म्हटलं, उद्या राहात्याला जातो आणि सरळ विचारतो. तिने मला अडवलं.

"ओवाळणी मागायची नसती. दिली तर घ्यायची."

"अगं, त्याने दिलीय! सगळ्यांसमोर!"

"मग तो आनील. आन् डुकराची मिळाली तर बरंच की वो. भावाच्या अंगाला सुरी लागायची न्हाई."

इथे माझं सगळं कसब संपलं. जन्मभर सौदे केले, पण मागायचंच नसतं त्याची वसुली कशी करायची हे मला कुणी शिकवलं नाही. त्याने उसनी देतो म्हटलं असतं, बदल्यात देतो म्हटलं असतं, तर मी त्याच्या दारात बसलो असतो. त्याने ओवाळणी म्हटलं आणि तिचं तोंड बांधून टाकलं.

त्यानंतर ही खरंच डुकराची वाट बघायला लागली. दर खेपेला मशीनवर झोपायच्या आधी विचारायची, "बाई, डुकराचं काही आलं का?" शेजारच्या खाटेवरचा राहुरीचा म्हातारा तिला चिडवायचा, "वैनी, आलं तर एक माझ्यासाठी बी बांधून ठेवा. धाकलं चालंल." ती हसायची. मी बाहेर जाऊन उभा राहायचो. भावासाठी तिने ते डुक्कर खरं मानलं होतं. तो येत नाही, हे मानण्यापेक्षा अमेरिका उशीर लावते, हे मानणं तिला सोपं होतं.

मग तिला झोपल्यावर दम लागायला लागला. हृदयाची तपासणी केली. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं, तिला बाहेर बसवलं. हृदय फार थकलं आहे. आता मोठं ऑपरेशन झेपणार नाही. भावाची मिळाली तरी नाही, यादीतली मिळाली तरी नाही, डुकराची आली तरी नाही.

तिला घरी सोडून मी थेट राहात्याला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती. एक जण फवारणीचा पंप खांद्याला लावून बघत होता.

"दाजी, या या, चहा सांगतो..."

"चहा राहू दे. तिचं ऑपरेशन आता कधीच होणार नाही. तुझं डुक्कर पोचायच्या आत तिचं हृदय गेलं."

त्याने गिऱ्हाइकांकडे बघितलं. म्हणाला, "दाजी, हळू बोला."

"हळू बोललो म्हणून ही वेळ आली. तू तपासणीला का आला नाहीस?"

"माझी पोरं ल्हान हायत, दाजी. काही झालं असतं तर?"

"भाऊबीजेला ती मोठी होती का?"

"त्या दिवशी मनापासून बोललो होतो. घरी गेल्यावर भ्या वाटलं."

"मग नाही म्हणायचं!"

त्याने काउंटरवरची बियाणाची पाकिटं सरळ केली. सरळच होती ती. मग म्हणाला, "आक्काला तोंडावर न्हाई कसं म्हनू?"

पंपवाला पंप खाली ठेवून निघून गेला. मीही निघालो. मी हात उचलला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

भीतीचं मी समजू शकतो. स्वतःच्या पोटातला अवयव काढून देणं ही काय शेळी सोडून देणं आहे? त्याला 'नाही' म्हणायचा पूर्ण हक्क होता. तो नाही म्हणाला असता तर मी शिव्या घातल्या असत्या, दोन दिवाळ्या बोललो नसतो, आणि त्याच आठवड्यात हिचं नाव यादीत घातलं असतं. नंबर लागला असता की नसता, देव जाणे. पण ती रांगेत तरी उभी असती. त्याने ती रांगही हिरावली. आणि खोटं एक अक्षर बोलला नाही. डुक्कर खरं, व्हिडिओ खरा, शास्त्र खरं. उद्या त्याच डुकरांमुळे कुणाची तरी बायको घरी येईल, आणि यावी. मी हजारो जनावरं विकली. आजारी विकली असतील, म्हातारी विकली असतील. पण माझा नकार मी कधी कुठल्या जनावराच्या गळ्यात बांधला नाही.

तो अजून तिला व्हिडिओ पाठवतो. ती मशीनवर पडून, उजव्या हातात मोबाईल धरून बघते आणि मला म्हणते, "बघा, भाऊ किती ध्यान ठेवतो." ऑपरेशन होणार नाही हे तिला अजून माहीत नाही. दुकानात तो काय बोलला, तेही नाही. मला सांगता येईल, माझं तोंड काही बांधलेलं नाही. पण मी का सांगू? शब्द मी दिला नव्हता.

तर पाहुणं, हे तुम्ही वाचाल, नाहीतर कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. श्रीरामपूरला या. ती मशीनवर असताना या, म्हणजे तिला उठून चहा टाकता येणार नाही. मोबाईल खिशात ठेवा. तिच्या खाटेजवळ बसा आणि तुमच्या तोंडाने तिला सांगा, ती डुकराची वाट बघत होती तेव्हा तुम्ही कशाची वाट बघत होता?